रेसकोर्स नाक्यावरून रेसकोर्सला

शुक्रवार : कसबा बावडा ते स्टेशन

कोल्हापुरात रेसकोर्स नाका आहे, रेसकोर्स नाही. वीसेक वर्षं मी त्या नाक्याच्या पलीकडे राहते, रिक्षावाल्याला दिवसातून दोनदा ते नाव सांगते, आणि तिथं घोडा पाहिला तो फक्त वरातीतला. एकदा बाहेरगावच्या एका पोरानं विचारलं, "काकू, रेस कुठं असती हितं?" म्हटलं, "सकाळी साडेदहाला बघ, सगळे ऑफिसला पळत असतात."

खरी रेस एकदा बघायची हे तेव्हापासून डोक्यात होतं. पण घोड्यातलं मला काही कळत नाही. आमच्यात ज्याला कळतं असा माणूस एकच, बावड्याचे मामा. वय त्र्याहत्तर. दीड एकर ऊस, दोन म्हशी आणि चंपा. चंपा ही घोडी, रंगानं कुमाईत, आता म्हातारी. मामा एके काळी घोडागाडीच्या शर्यतीत उतरायचे. कोल्हापूर-सांगलीकडं बैलगाडीच्या शर्यतीसोबत घोडागाडीचीही शर्यत असते: दोन चाकं, एक घोडं, आणि वाऱ्यावर उडणारा एक माणूस. बक्षिसात मिळालेली पितळी घागर मामींनी अजून पाण्याला लावलेली नाही, फडताळावर ठेवली आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईत महालक्ष्मीला इंडियन डर्बी असते. ते सांगायला गेले तेव्हा मामा गोठ्याबाहेर चंपाला खरारा करत होते.

"किती लांब पळत्यात?"

"चोवीसशे मीटर."

"आणि गाडी?"

"गाडी नाही मामा, पाठीवर माणूस."

"मग त्यात काय हाय?" म्हणाले, पण खरारा थांबला होता.

बावडा म्हणजे शाहू महाराजांचं जन्मगाव. १८७४ साली लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये त्यांचा जन्म झाला. त्यामुळं इथल्या माणसाशी जनावरांबद्दल बोलायला लागलं की गाडी महाराजांवर येतेच. महाराजांचे शिकारी चित्ते, साठमारीतले हत्ती, १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान. मामांचं म्हणणं, ज्या राजाला जनावर कळतं त्याला माणूसही कळतो. मी वाद घातला नाही. तिकिटं काढून झाली होती.

आईचा मात्र विरोध. "रेस? त्या नादानं आमच्या चुलत्याचं घर बसलं." चुलते परळच्या गिरणीत होते. पगाराचं पाकीट दर महिन्याला घरी यायच्या आधी महालक्ष्मीला जाऊन यायचं, असं आमच्या घरात पन्नास वर्षं सांगितलं जातं. शेवटी तिच्याकडून परवानगी मिळाली ती एका अटीवर: मामांनी खिशात पाचशेच्या वर पैसे ठेवायचे नाहीत. अट मामांना, जामीन मी.

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सुटते. आमच्या अंबाबाईच्या नावाची गाडी पकडून मुंबईच्या महालक्ष्मीला निघालो, हे माझ्या लक्षात आलं ते हातकणंगले मागं पडल्यावर. डब्यात भाकरी, मेथी, खर्डा निघाला आणि शेजारच्या बर्थवरच्या माणसानं न विचारता कांदा पुढं केला.

जेवण झाल्यावर मी मामांना थरोब्रेड, म्हणजे या शर्यतीत पळणारी घोड्यांची जात, ती काय ते सांगायला घेतलं. गेले तीन महिने मी हेच वाचत होते. जगातल्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याचा बापाकडचा वंश मागं मागं नेला की तीन घोड्यांपाशी येऊन थांबतो: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. तिन्ही पूर्वेकडून इंग्लंडात नेलेले. आजचे बहुतेक सगळे एकट्या डार्लीचे वंशज. इंग्लंडातल्या घोड्या आणि हे तीन घोडे, यांतून ही जात उभी राहिली.

"तीनच कुळं?" मामा म्हणाले. "आमच्यात शहाण्णव हैत तरी सोयरीक जुळंना झालीया."

सनावळी बघताना मला एक गंमत वाटली होती. कॅप्टन बायर्ली आपल्या घोड्यावरून आयर्लंडातल्या बॉइनच्या लढाईत उतरला ते साल १६९०. त्या वर्षी छत्रपती राजाराम महाराज जिंजीत होते. डार्लीचा घोडा अलेप्पोहून इंग्लंडला गेला १७०४ साली, आणि तेव्हा इकडं ताराराणी औरंगजेबाशी झुंजत होत्या. म्हणजे मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे असं आपण सांगतो, त्याच काळात तिकडं या तिनांतल्या दोन घोड्यांची पुढची वंशावळ सुरू होत होती. १७९१ साली वेदरबी नावाच्या गृहस्थानं ती छापायला घेतली. जनरल स्टड बुक. आई-बाप दोघंही अशा वहीत असल्याशिवाय शिंगराला थरोब्रेड म्हणत नाहीत.

"आणि आपल्याकडं या सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारी," मी म्हटलं. "मार्चमध्ये जन्मू दे नाहीतर मेमध्ये, १ जानेवारी आली की एक वर्ष वाढलं. वयाच्या गटात पळवायला सोपं."

मामा इतके हसले की वरच्या बर्थवरून कुणीतरी "शूऽऽ" केलं. मामांचा स्वतःचा वाढदिवस १ जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा १ जून. मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेला. "म्हंजे आमीबी थरोब्रेडच की!"

पण त्यांना खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीनं. या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा-घोडी प्रत्यक्ष एकत्र आणावी लागतात, नाहीतर शिंगराची नोंदच होत नाही. मामांच्या दोन्ही म्हशींना दूध संघाचा डॉक्टर कांडी घेऊन येतो, गावात रेडा पाहून दहा वर्षं झाली. मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मिरज आलं तेव्हा म्हणाले, "कोटीचं जनावर, आणि अजून जुन्या पद्धतीनं. बघ की."

शनिवार : मुंबई

मावसभाऊ लालबागला राहतो. आंघोळ, पोहे, आणि दुपारी देवीला. महालक्ष्मीच्या देवळात मामांनी हात जोडले ते थोडे परक्यासारखे. आमची अंबाबाई दगडी, अंधारी, गंभीर. इथं मागं समुद्र, उजेड आणि खारा वारा. "ही बहीण आसंल," एवढं बोलून ते प्रसाद घ्यायला गेले.

या देवळाची आख्यायिका रेसकोर्सच्याही कामाची आहे. अठराव्या शतकात वरळीची खाडी बुजवायला हॉर्नबी व्हेलार्डचा बांध घालत होते. तो सारखा ढासळायचा. मग बांधकामावरच्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि बांध टिकला, असं सांगतात. स्वप्नाचं देवी जाणे. पण बांध टिकला म्हणून त्याच्या आतली भरतीच्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन हळूहळू कोरडी झाली, आणि त्याच सखल पट्ट्यात पुढं १८८३ साली महालक्ष्मीचा रेसकोर्स उभा राहिला. आखणी मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सवरून. त्याआधी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला व्हायच्या. तिथला टर्फ क्लब १८०२ सालचा. तेव्हा पळायचे ते बहुतेक अरबी घोडे, आखातातले व्यापारी जहाजानं आणायचे. मग ऑस्ट्रेलियातून 'वेलर' यायला लागले. न्यू साउथ वेल्सचे म्हणून वेलर. थरोब्रेडचा जमाना त्यानंतरचा.

संध्याकाळी कुंपणाबाहेरून चालत गेलो. आतल्या पट्ट्यावर लोक फिरायला आलेले, पोरं पतंग उडवत होती. मुंबईत एवढी मोकळी जागा बघून मामांनी पहिला प्रश्न विचारला तो शेतकऱ्याचा: "किती एकर?" सगळी मिळून दोनशेच्या वर. त्यातली १२० एकर आता महापालिकेच्या सेंट्रल पार्कसाठी द्यायचं ठरलंय. "ऊस लावला असता तर—" त्यांनी हिशेब सुरू केला आणि मी वडापाव घ्यायला पळाले.

रात्री गच्चीवर मावसभावाच्या मुलानं विचारलं, डर्बी म्हणजे काय? त्याच्या लेखी डर्बी म्हणजे एकाच शहरातल्या दोन टीमची फुटबॉल मॅच. मॅचला ते नाव घोड्यांकडूनच आलं असं म्हणतात. १७८० साली इंग्लंडात एप्सम इथं तीन वर्षांच्या घोड्यांची एक नवी शर्यत ठरली. तिला नाव कुणाचं द्यायचं यावर बारावा अर्ल ऑफ डर्बी आणि सर चार्ल्स बनबरी यांनी नाणं उडवलं म्हणे. डर्बी जिंकला. पण पहिली शर्यत मारली ती बनबरीच्या डायोमेड या घोड्यानं! पहिली काही वर्षं अंतर एकच मैल होतं, १७८४ पासून दीड मैल झालं. आमचे चोवीसशे मीटर तिथून आलेत. नाणं उलटं पडलं असतं तर उद्या आम्ही इंडियन बनबरी बघायला गेलो असतो.

आपल्याकडची डर्बी १९४३ पासून. पहिली जिंकली ती प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीनं. मालक बडोद्याचे महाराज, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. बडोदा म्हटल्यावर मामा सावरून बसले, कारण शाहू महाराजांची सासुरवाडी ती. मग मी माझ्याकडची सगळ्यात आवडती गोष्ट काढली. याच प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४५ साली इंग्लंडात एक वर्षाचं एक शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. तेवढी किंमत त्याआधी कुणी दिली नव्हती. आणि त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. हा सयाजीराव १९४७ ला एप्समच्या डर्बीत तिसरा आला, आणि आपला देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात त्यानं तिकडं सेंट लेजर ही मोठी शर्यत जिंकली. खोगिरावर एडगर ब्रिटच. दीड वर्षानं, १९४९ च्या मार्चात कोल्हापूर आणि मे महिन्यात बडोदा, दोन्ही संस्थानं विलीन झाली.

"आजोबांचं नाव घोड्याला?" मामा म्हणाले. आपल्यात ते नातवाला देतात. त्यांना हे अपमान वाटला की मान, ते शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. एप्समची मूळ डर्बी एका हिंदुस्थानी राजानंही मारलेली आहे, १९३४ साली राजपिपळ्याच्या महाराजांच्या विंडसर लॅडनं. पण तोवर मामा झोपले होते.

रविवार : डर्बी

आम्ही सार्वजनिक स्टँडात. सभासदांच्या बाजूला टोप्या, गाऊन, गॉगल, कॅमेरे. सोमवारच्या पेपरात फोटो येतात ते तिकडचे. आमच्या बाजूला टॅक्सीवाले, निवृत्त बँकवाले, गिरणगावातले जुने लोक, एक-दोन पारशी म्हातारे, आणि प्रत्येकाच्या हातात घडी घातलेलं रेसबुक आणि कानावर पेन्सिल. बोलणं सगळं निम्म्या आवाजात. देवळात नाही का, नवस बोलताना शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून ओठातल्या ओठात बोलतात, तसं.

दिवसभरात बऱ्याच रेस असतात, डर्बी त्यातली एक, उतरत्या दुपारची. मधल्या वेळात एकच उद्योग: पॅडॉकच्या कठड्याशी जाऊन पुढच्या रेसचे घोडे बघायचे. मोतद्दार एकेक घोडा हातात धरून गोल फिरवत असतो. आणि इथं माझे तीन महिन्यांचे वाचन संपून मामांचे त्र्याहत्तर वर्षांचे सुरू झाले.

आधी ते गप्पच होते. चंपापेक्षा हातभर उंच जनावरं, कातडी अशी की खाली निळ्या शिरा मोजून घ्याव्यात. पाय इतके बारीक की मामा पुटपुटले, "ह्यावर एवढं वजन टाकत्यात?" मग माझा हात धरून म्हणाले, "तोंडाकडं बघू नको. पायाकडं बघ. मातीवर."

पॅडॉकच्या वाटेवर टापा उमटत होत्या. मामांनी दाखवलं: चालताना पुढचा पाय जिथं पडला, मागचा पाय त्याच्याही पुढं पडतो का? काहींचा मागचा पाय पुढच्याच्या ठशात बसत होता. दोघांचा वीतभर पुढं पडत होता. "कंबर मोकळी हाय ह्यांची. हे लांब टाकणार." मग त्यांनी मागच्या मांड्यांमधला पांढरा फेस दाखवला. एक देखणा घोडा, बहुतेकांचा फेवरिट, घामानं निथळत होता, मान झटकत होता. "ह्यो हितंच पळून दमला." कान, नाकपुड्या, शेपटीची ठेवण, सगळं बघून झाल्यावर त्यांनी चार नंबरवर बोट ठेवलं.

"देवमण हाय का तेवढं कळंना हितनं."

देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा. घोडं घेताना आमच्याकडं अजून भोवरे मोजतात. कपाळावर किती, गळ्यावर कुठं, पोटाखाली कसा. मला ही सगळी अंधश्रद्धा वाटत आली आहे, आणि भाव पाडायची युक्तीही. शेजारी कठड्याला टेकलेले एक आजोबा ऐकत होते. चाळीसेक वर्षं येतात म्हणाले, आणि मराठीत सांगायला लागले: या प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट असतो. त्यात घोड्याचं चित्र काढलेलं असतं, आणि त्यावर अंगावरचा प्रत्येक भोवरा कुठं आहे त्याची खूण. रंग बदलतो, डाग लपवता येतो, पण भोवरा जन्मापासून मरेपर्यंत तिथंच. आता मानेत चिप बसवतात, तरी भोवऱ्यांची नोंद ठेवतातच. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तीस वर्षांपूर्वी घातलेले सगळे वाद एका क्षणात हरले.

आजोबांनी जुन्या गोष्टी काढल्या. स्क्वाँडररची पहिली. १९७७ सालची डर्बी त्याची. १९ वेळा पळाला, १८ वेळा जिंकला. "राहिलेली एक कुठली?" मामांनी लगेच विचारलं. जिंकलेल्या अठराबद्दल त्यांना काही विचारायचं नव्हतं. मग पेसी श्रॉफ, जॉकी म्हणून आठ वेळा डर्बी जिंकलेले, पुढं ट्रेनर झाले. घोड्याचं नाव ठेवायलाही नियम आहे: मोकळ्या जागा धरून अठरा अक्षरांच्या वर जायचं नाही. इंग्रजी अठरा. आमच्याकडं बैलांची नावं दोन-तीन अक्षरांत भागतात, ओरडायला सोपी पडतात.

पैसे लावायच्या खिडकीवर बाईंनी विचारलं, "विन की प्लेस?" मी समजावलं: प्लेस लावलं तर दुसरा-तिसरा आला तरी थोडे पैसे येतात. मामांना ते पटेना. "दुसरा यावा म्हणून पैसं लावायचं? जनावराचा अपमान." शंभर रुपये, चार नंबर, विन. ठेवलेल्या पैशावर सरकारचा जीएसटी असतो हे ऐकल्यावर त्यांनी आणखी लावायचा बेत सोडला. आईनं जामीन उगाच घेतला.

जॉकी आले. कंबरेएवढी माणसं, रंगीत रेशमी अंगरखे. घोड्यावर बसायच्या आधी त्यांचं खोगिरासकट वजन होतं. डर्बीत घोड्याच्या पाठीवर ५७ किलो हवेत, घोडीला दीड किलोची सूट. कमी भरलं तर खोगिरात शिसं घालतात. तालमीत वजन-गट बघून कुस्ती लावतात ते मामांना माहीत होतं, पण इथं उलटं. इथं वजन पळणाऱ्याचं करत नाहीत, बसणाऱ्याचं करतात.

"घोडा ह्याचा स्वतःचा न्हवं ना?"

"नाही, मालक वेगळा."

"मग ह्यो बारगीर." स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. शाळेत इतिहासाच्या पेपरला चार मार्कांना पाठ केलेला फरक. जॉकीला मराठीत काय म्हणावं याचं उत्तर मला कुठल्या कोशात मिळालं नव्हतं, ते पॅडॉकवर मिळालं.

आता प्रत्यक्ष रेस. गेट उघडल्याचं समालोचकानं सांगितलं म्हणून कळलं, मला पुढच्यांच्या डोक्यांशिवाय काही दिसलं नाही. मग लांबवर, झाडांच्या रेषेखाली, रंगीत ठिपक्यांचा एक पुंजका सरकताना दिसला. इतका सावकाश, की वाटलं हे कसले पळतायत. आतल्या बाजूनं एक रुग्णवाहिका त्यांच्या जोडीनं धावत होती. तिच्याकडं लक्ष गेलं आणि पोटात कसंतरी झालं. एवढ्या वेगात, एवढ्या बारीक पायांवर. वळणावर पुंजका लांबला, स्टँडात सगळे उभे राहिले, आणि निम्म्या आवाजात बोलणारी ती माणसं ओरडायला लागली. पेन्सिली, रेसबुकं, टोप्या हवेत. कुणी घोड्याचं नाव घेत होतं, कुणी जॉकीचं, कुणी नुसताच नंबर.

आवाज मात्र आधी पायांना कळला. कठड्याच्या लोखंडातून हातात आला, मग कानात. टापांचा म्हणावा तर टापांचा नाही, पत्र्यावर वळीव कोसळतो तसा. शेवटच्या पट्ट्यात दोघंच उरले होते आणि त्यातला एक चार नंबर. जॉकी जवळजवळ मानेवर आडवा. मामा ओरडत नव्हते. त्यांचा उजवा हात मात्र नकळत कासरा सैल सोडल्यासारखा पुढं पुढं जात होता. समोरून गेले ते एका श्वासात. ओल्या गवताची ढेकळं उडाली. अडीच मिनिटांचा खेळ, त्यातला माझ्या वाट्याला आलेला पाच-सहा सेकंदांचा.

चार नंबर दुसरा आला. मानेच्या फरकानं.

"प्लेस लावलं असतं तर—" मी म्हटलं.

"गप."

सगळीकडं फाटलेल्या तिकिटांचा पाचोळा. कुणी हसत होतं, कुणी पुढच्या रेसचं पान उघडून बसलंसुद्धा. एक माणूस, पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, पायरीवर बसून नुसताच हातातल्या तिकिटांच्या गठ्ठ्याकडं बघत होता. मला परळचे ते चुलतआजोबा आठवले, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही.

मामांना मात्र बघायचं होतं ते बक्षीस नाही. जिंकलेला बारगीर उतरला, स्वतःच्या हातानं खोगीर सोडवलं आणि ते काखेत घेऊन परत वजनकाट्याकडं गेला. जिंकल्यावरही वजन द्यावं लागतं, वाटेत शिसं टाकून दिलं नाही ना म्हणून. ते भरेपर्यंत निकाल पक्का नाही. "हे बेस," मामा म्हणाले. "आमच्यात निकालावर डोकी फुटायची."

परतताना टॅक्सीत त्यांनी मनातली खदखद काढली. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०२१ च्या डिसेंबरात परत परवानगी आली, २०२३ ला घटनापीठानं त्यावर शिक्का मारला. मधली सात वर्षं कुणी चोरून शर्यत लावली तर पोलीस. "बैल पळवला की गुन्हा, आणि घोडा पळवला की टोप्या घालून फोटू." मी म्हटलं, मामा, शेपट्या पिरगाळणं, खिळे टोचणं चालायचं की तुमच्यात. ते म्हणाले, "चालायचं. ज्यांनी केलं त्यांना धरायचं हुतं." मग लालबाग येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

सोमवार : परळ

दिवसभर काही करायचं नव्हतं, रात्रीची बस. मावसभाऊ मामांना घेऊन परळमधून चालला होता तेव्हा त्यानं हाफकिन संस्थेचं फाटक दाखवलं. मामा तिथं थांबले आणि चप्पल काढून उभे राहिले. भर रस्त्यात!

गोष्ट अशी. उसात पाणी पाजताना मामांना घोणस चावली होती, मी कॉलेजात असताना. सरकारी दवाखान्यात बाटल्यांवर बाटल्या लस चढवली, म्हणून वाचले. ती लस घोड्यापासून होते हे त्यांना तेव्हा डॉक्टरनं सांगितलं होतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष घोड्याला अगदी थोडं थोडं, वाढवत नेत टोचतात. घोड्याचं रक्त त्याच्यावर उतारा तयार करतं. मग त्या रक्तातून तो वेगळा काढतात. हाफकिनमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

आणि याचं रेसशी नातं आहे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची पैदास करायची जागा, १९४६ सालचा. तिथले निवृत्त घोडे हाफकिनला दिले जायचे. त्यातूनच, हे काम आपणच का करू नये, या विचारानं सायरस पूनावालांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. कोविडमध्ये आमच्या घरातल्या सगळ्यांच्या दंडात गेलेली लस तिथलीच. म्हणजे मुळाशी शर्यतीचा घोडा. मामांना हे मी फाटकासमोर सांगितलं. ते म्हणाले, "काल शंभर रुपये गेलं ते फिटलं म्हण."

मंगळवार : कोल्हापूर

बस पहाटे तावडे हॉटेलवरून आत वळली. कावळा नाक्यावर घोड्यावरची ताराराणी दिव्यांत उभी. मामा जागे होते. खिडकीला नाक लावून त्यांनी घोड्याचे पाय बघितले, मग गळा बघितला. पुतळ्यावर भोवरा कोरलाय का ते अंधारात दिसलं नाही.

मला नाक्यावर उतरवून ते बावड्याला गेले. संध्याकाळी मी घागरीएवढा मोठा डबा परत करायला गेले, कारण मामींचा डबा राहिला की त्या आठवडाभर आठवण काढतात. मामा गोठ्यापुढं बाकड्यावर बसलेले, समोर नातवाची दोनशे पानी वही, मागच्या बाजूनं उघडलेली. चंपा खाली मान घालून वैरण खात होती. मामांनी वहीत घोड्याचं एक चित्र काढलं होतं. पाय चार होते, बाकी म्हैस वाटत होती. त्यावर पाच ठिकाणी गोल केले होते.

"गळ्यावरचा हाय बघ. कपाळावर दोन. मांडीखालचा तू धर, मला वाकवंना."

मी कंदिलासारखा मोबाईल धरला. चंपानं कान मागं टाकले, मग सोडून दिलं. भोवरा सापडला, पैशाएवढा. मामांनी गोल काढला आणि पानाच्या खाली लिहायला घेतलं. नाव : चंपा. रंग : कुमाईत. जन्म : इथं ते थांबले, हसले, आणि लिहिलं, १ जानेवारी. आई : राणी. राणीला त्यांनी स्वतः अकलूजच्या बाजारातून आणलं होतं, पोटात चंपा घेऊनच ती आली.

बाप.

पेन तिथं बराच वेळ टेकलेलं राहिलं. ज्यानं राणी विकली त्याला विचारायला हवं होतं. तो माणूस कुठला, ते मामींना आठवत होतं: माळशिरसकडचा, डोळ्यात फूल पडलेला. नाव आठवत नव्हतं. "त्याचा एक पांढरा घोडा हुता तिथं बांधलेला," मामा म्हणाले. "पर तोच आसंल आसं न्हाई."

त्यांनी ओळ मोकळी सोडली आणि वही मिटवून मला विचारलं, अकलूजचा बाजार यंदा कधी आहे.